निळ्या हातांचा घास

कब्बनपेटेतल्या तुंगाबाईंचे हात कोपरापर्यंत निळे होते. बाकी अंग गव्हाळ, त्यामुळे परक्या कुणाचे हात आणून जोडल्यासारखे दिसत. निळे म्हणजे आकाशाचे नव्हेत. पिकल्या जांभळाच्या सालीचे, आणि नखांच्या कडेला तर जवळजवळ काळेच. लिंबू चोळा, चिंच लावा, ते उतरत नसत, आणि चाळीस वर्षांत तुंगाबाईंनी ते उतरवायचा प्रयत्नही केला नव्हता. रंगाऱ्याच्या घरातल्या बाईचे हात कोरे असले तर त्याचा अर्थ एवढाच, की घरात काम नाही.

घर भावसारांचं. कुणी एक पूर्वज फौजेच्या मागून तंबूचं कापड रंगवत या कन्नड मुलखात आला आणि राहिला, याहून जास्त कुणाला ठाऊक नव्हतं. मराठी चुलीपाशी टिकली, बाजारात आणि शेजारात कन्नड झालं. परसात पत्र्याची शेड, शेडमध्ये जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण, आणि रांजणात नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याच्या बियांचा काढा. ते पाणी आंबत राही, त्यावर तांबूस फेस धरे. त्याच्या वासाने शेजारी खिडक्या लावून घेत. कुणी म्हणे सडकं अंडं, कुणी म्हणे मेलेला उंदीर. तुंगाबाईंना मात्र त्या वासावरून रांजणाची तब्येत कळे. आईला लेकराच्या श्वासावरून कळते तशी. कापड त्यातून पिवळट हिरवं निघे आणि हवा लागली, की बघता बघता निळं होत जाई.

दरवर्षी उगादीला, म्हणजे पाडव्याला, रांजण धुऊन नव्याने भरला, की घरातल्या प्रत्येकाने त्यात हात बुडवून शेडच्या भिंतीवर पंजा उठवायचा, ही या घरातली रीत. सासऱ्यांचा रुंद पंजा, सासूबाईंचा वाकड्या करंगळीचा, यजमानांचे कितीतरी. सगळ्यांत खाली नातीचे, रक्षिताचे. पहिला बेलाच्या पानाएवढा, आणि त्याच्या शेजारी वर्षावर्षाने वाढत गेलेले सात.

कामं आता एकाच ठिकाणाहून येत. नगरतपेटेत नरसिंहरावांची ड्रेस कंपनी होती, नाटकांचे पोशाख भाड्याने देणारी. देवाचा पिवळा, राजाचा तांबडा, राक्षसाचा काळा-तांबडा, असे रंग ठरलेलेच असत. पण राक्षसाच्या तांबड्यावर तुंगाबाई सगळ्यांत जास्त मेहनत घेत. राक्षस आला, की रंगभूमी भरून गेली पाहिजे; त्याच्यापुढे देव फिका वाटला तरी चालेल, असं सासरे सांगत. आणि पांढरं. पांढऱ्याचं काम सगळ्यांत नाजूक. नुसतं धुतलेलं रेशीम दिव्याखाली पिवळं पडतं. त्यात चिमूटभर नीळ गेली, की ते पांढरं होतं. हे नरसिंहरावांना ठाऊक नव्हतं. त्यांना पोशाख वेळेवर आले म्हणजे झालं.

पंच्याण्णव सालच्या आषाढात नरसिंहराव एका तरुणाला घेऊन परसात आले.

"अक्का, हे प्रणीत. पुण्याचे. टीव्हीसाठी मालिका काढतायत. राजेराण्या, जादू, उडते घोडे. सगळे पोशाख आपल्याकडे."

प्रणीतने नाकाला रुमाल लावला होता. तुंगाबाईंचे हात दिसले आणि त्याने रुमाल खिशात घातला.

"मावशी, हे जात नाहीत?"

"कुठे जातील? माझेच आहेत."

"म्हणजे, रंग."

"मेल्यावरसुद्धा जात नाही," तुंगाबाई हसून म्हणाल्या. "यजमानांना नेलं तेव्हा पांढऱ्या कापडाबाहेर हात तेवढे निळे. बघायला आलेल्या पोरांनी तेवढंच ध्यानात ठेवलं."

प्रणीतने ते वहीत लिहून घेतलं. भिंतीवरचे पंजे त्याने जवळ जाऊन एकेक बघितले. मग त्याने त्यांचे फोटो काढले. तुंगाबाईंनी त्याला दोनदा कॉफी दिली. त्यांच्या कामाकडे इतकं मन लावून बघणारा माणूस बऱ्याच वर्षांनी आला होता.

चार दिवसांनी त्याने कागद पाठवला. मालिकेत चार राज्यं होती. चंद्रपूर पांढरं, खूण हंस. सूर्यगड पिवळा, खूण चक्र. वनपूर हिरवं, खूण पान. आणि नीलगर्त, निळं, खूण पंजा, माणसं चाळीस, हातांना निळी शाई. रंगाऱ्याला गोष्ट कुणी सांगत नाही. वार किती आणि रंग कोणता, एवढंच सांगतात. तुंगाबाईंना शाईचा मात्र राग आला.

"शाई कशाला? शाई काय रंग आहे?" त्या नरसिंहरावांना म्हणाल्या. "खरी नीळ देते मी. कॅमेऱ्यात अशी दिसेल की बघत राहतील."

आणि टेम्पोत पिंपं घालून त्या शहराबाहेर येलहंक्याला गेल्या. तिथे एका रिकाम्या गोदामात प्रणीतने आपली चार राज्यं उभी केली होती. आसपासच्या खेड्यांतून आणलेल्या चाळीस बायाबापड्यांचे हात तुंगाबाईंनी स्वतः धरून पिंपात बुडवले. हात पिवळे निघाले आणि हवेत निळे होत गेले, तशा बाया पोरींसारख्या ओरडल्या. एकजण म्हणाली, "अक्का, नवरा ओळखेल ना घरी?" तुंगाबाई म्हणाल्या, "नाही ओळखलं तर आणखी बरं." चाळीसजणी हसल्या. तो दिवस फार चांगला गेला. पुढे तुंगाबाईंना जेव्हा जेव्हा तो आठवे, तेव्हा तोंडात कडू पाणी सुटे.

मालिका सुरू झाली, रविवारी सकाळी दहाला. शेजारची मुलं येऊन सतरंजीवर बसली. नऊ वर्षांची रक्षिता सगळ्यांत पुढे, कारण पोशाख तिच्या अज्जीने रंगवलेले. चंद्रपूरची राणी आली. पांढरं रेशीम, पांढरा हंस, मागे पांढरा धूर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग एक गाव दिसलं. घरं जळत होती आणि प्रत्येक दारावर निळा पंजा होता. आतून माणसं आली, कोपरापर्यंत निळे हात असलेली. ती कच्चं मांस खात होती. त्यांनी एक तान्हं मूल उचललं आणि त्याच्या कपाळाला बोट लावलं. राणी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, की हे असं पाप आहे जे मेल्यावरसुद्धा उतरत नाही.

तुंगाबाई दारात उभ्या होत्या. आपलंच वाक्य परक्याच्या तोंडून येताना ऐकून त्यांना वाटलं, आपल्या ताटातलं उचलून कुणी चावून परत ठेवलं.

"अज्जी, तुझे हात!" एक पोरगं ओरडलं. सगळी हसली. रक्षिताही हसली. पहिल्या रविवारी ते हसणंच होतं.

दुसऱ्या रविवारी पंजा विहिरीच्या काठावर उठला आणि विहिरीत प्रेत निघालं. तिसऱ्या रविवारी राजपुत्राच्या उशीवर. चौथ्या रविवारी एका भिंतीवर नुसताच दिसला. काही झालं नाही, संगीतसुद्धा वाजलं नाही, तरी सतरंजीवरची सगळी मुलं एकमेकांना चिकटली.

त्याच रविवारी दुपारी कैतुत्तू होता. हा या गावचा रिवाज तुंगाबाईंच्या घरात तीन पिढ्या मुरलेला. मोठ्या पातेल्यात हुळी, म्हणजे चिंचेचं वरण, आणि भात तुपात कालवायचा, घरातल्या मोठ्या बाईने पाटावर बसायचं, बाकीच्यांनी भोवती गोल करायचा, आणि तिने एकेकाच्या तळहातावर एकेक घास ठेवत जायचं. ताट नाही, वाटी नाही. असं खाल्लेलं अन्न मुलांना दुप्पट जातं, असं सगळ्या आया म्हणत. रक्षिता तर कैतुत्तूशिवाय हुळीला तोंडच लावत नसे.

घास फिरत फिरत रक्षितापाशी आला. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. फ्रॉकच्या मागे लपवला.

"मला चमच्याने दे."

"का गं राणी? आज काय झालं?"

"चमच्याने."

"हात पुढे कर बघू. तुपाचा घास आहे."

रक्षिताने घासाकडे बघितलं. घासाकडे नव्हे, घास धरलेल्या बोटांकडे. आणि तिला उमासा आला. गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, तोंडावर हात धरून ती मोरीकडे पळाली.

तो हट्ट असता तर तुंगाबाईंनी सहज मोडला असता. तीन पोरं वाढवली होती त्यांनी. पण हे हट्टाचं नव्हतं. ही किळस मुलीच्या पोटानेच शिकून घेतली होती. घास त्यांच्या हातात तसाच राहिला, तूप निवून बोटांवर पांढरं झालं.

सून श्रीविद्या बँकेत कामाला होती, स्वभावाने गरीब. ती कन्नड चालीने सासूला अत्ते म्हणे. संध्याकाळी ती चाचरत म्हणाली, "अत्ते, ते रबरी हातमोजे मिळतात ना... रविवारपुरते घातले तर?"

"मोजे घालून घास भरवू?"

"लहान आहे हो ती. विसरेल."

"विसरायला ती मालिका थांबायला हवी. ती तर अजून दहा रविवार आहे." तुंगाबाई हात पुसत होत्या, कोरडे असूनही. "आणि मोज्याच्या आत हात आहे हे तिला ठाऊक असणारच की."

पुढचे रविवार रक्षिता ताटात जेवली, चमच्याने, सगळ्यांकडे पाठ करून. तुंगाबाईंनी भरलेला पाण्याचा तांब्याही ती काठ पुसून घेई. चोरून पुसे, अज्जीला दिसू नये म्हणून, आणि ते चोरून पुसणंच जास्त दिसे. तुंगाबाईंच्या मनात नातीबद्दल काही आलं नाही. जे आलं ते त्या गोदामाबद्दल, त्या धुराबद्दल. रोज सकाळी रांजण ढवळताना नाकात येणारा तो ओळखीचा वास त्यांना पहिल्यांदा परक्या नाकाने यायला लागला. ही घाण आहे का खरंच? या एका प्रश्नाचीच त्यांना इतकी किळस आली, की त्या काठी टाकून बाहेर आल्या.

मग एक दिवस शेडमध्ये भिंतीकडे त्यांचं लक्ष गेलं. खाली, बेलाच्या पानाएवढा पंजा होता तिथे आता पांढरट डाग होता. काथ्या आणि विटकरीची भुकटी घेऊन कुणीतरी घासघास घासलं होतं. आठांपैकी तीन गेले होते. चौथा अर्धवट, दोन बोटं उरली होती. विटकरीच्या भुकटीत छोट्या चपलांचे ठसे होते.

तुंगाबाईंनी ती जागा तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी बसने येलहंक्याला गेल्या.

गोदामात गुलाबाच्या अत्तराचा फवारा मारत होते. राणीचा महाल होता. त्या वासाने तुंगाबाईंचं डोकं भणभणलं. एका बाजूला मेकपवाला राणीचं काम करणाऱ्या रूपश्रीच्या गालावर पांढरी भुकटी थापत होता. मग दुसऱ्या बाजूला वळून तोच, हात न धुता, नीलगर्तच्या बायांच्या तोंडाला काळं फासत होता. मुळात सगळ्या एकाच रंगाच्या होत्या, सावळ्या, चारचौघींसारख्या. जेवणाची पाकिटं आली तेव्हा वाटणाऱ्याने निळ्या हातांच्या बायांची पाकिटं लांबून सरकवली. "शिवू नका गं, पाप लागेल," तो म्हणाला, आणि त्या बायाच हसल्या. नवरा ओळखेल का विचारणारी ती बाईही हसली. तुंगाबाईंना तिथे उभं राहवेना.

प्रणीतने खुर्ची दिली. त्याच्याकडे जाडजूड फाईल होती आणि ती दाखवायला त्याला आवडे.

"मावशी, सगळी गंमत यातच आहे. प्रेक्षकाला सांगायचं नाही, सवय लावायची. एक रंग, एक खूण. तीनदा दाखवली, की चौथ्यांदा मला काही करावं लागत नाही. तो आपोआप घाबरतो."

"ठाऊक आहे. माझी नात घाबरते."

"बघा!" प्रणीत खूश झाला. मग तुंगाबाईंचा चेहरा बघून थोडा सावरला. "अहो, पण ही कल्पनेतली दुनिया आहे. तुमच्याशी काय संबंध?"

"हात माझे घेतलेत. भिंत माझी घेतलीत. माझ्या यजमानांचं मरण घेतलंत. कल्पनेतलं त्यात काय आहे, राणी?"

वरून विमान गेलं. येलहंक्याला ते दर थोड्या वेळाने जाई आणि सगळं काम थांबे. प्रणीतने छताकडे बघितलं, आवाज विरेपर्यंत थांबला.

"मावशी, शेवट चांगला आहे. शेवटच्या भागात राणी नीलगर्तच्या एका मुलीचे हात आपल्या तळ्यात धुते. आणि हात स्वच्छ होतात. गोरे. म्हणजे तुमच्या लोकांना माफीच मिळते की."

तुमच्या लोकांना. तुंगाबाई उठल्या.

"त्यासाठी एक रंग करून द्या ना. पाण्यात लगेच उतरणारा. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

"उतरणारा रंग मी करत नाही," तुंगाबाई म्हणाल्या. "शाई आणा."

नरसिंहरावांनी मागाहून घरी येऊन समजूत घातली. "अक्का, स्वल्प समजून घे. पोशाख आहेत, कथा आहे. आपलं काय जातं?" तुंगाबाईंनी एवढंच सांगितलं, की राणीची शेवटची साडी आणि शेला त्या देतील, कारण नरसिंहरावांनी शब्द दिलाय, त्यानंतर या मालिकेचं एक सूतही त्यांच्या शेडमध्ये यायचं नाही.

साडी आणि शेला त्यांनी नीट धुतला. रिठ्याच्या पाण्यात दोनदा, साध्या पाण्यात चारदा. शेवटच्या पाण्यात नीळ घालायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात सवयीने रांजणाचा गाळ वाळवून केलेल्या खड्यांच्या डबीकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला. रेशीम वाळलं, घडी झाली, गाठोडं बांधलं. निळीचा एक खडा त्यांनी पदराच्या टोकाला बांधून घेतला. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

रक्षिताला राणी बघायची होती. महिनाभर ती आईच्या मागे लागली होती. दसऱ्याची सुट्टी होती, म्हणून श्रीविद्याने तिला अज्जीबरोबर धाडलं. बसमध्ये रक्षिता खिडकीशी बसली, मध्ये गाठोडं ठेवून.

गोदामाच्या अंगणात खोटं तळं केलं होतं; प्लॅस्टिकचा कागद, कागदाची कमळं, पुठ्ठ्याचा हंस. जवळून हंसाच्या मानेवर डिंकाचे ओघळ दिसत होते आणि त्यांवर माश्या बसल्या होत्या. रक्षिता हंसाकडे बराच वेळ बघत राहिली. मग रूपश्री आली, दिवे लागले, आणि प्रणीत समोरच्या छोट्या पडद्याकडे वाकला.

"हे असं का दिसतंय?"

कॅमेरावाल्याने काच पुसली. दिवा हलवला. काही फरक पडला नाही. दिव्याखाली राणी पिवळी दिसत होती. सोन्यासारखी किंवा हळदीसारखी नव्हे. न घासलेल्या दातांसारखी, जखमेवरून काढलेल्या पट्टीसारखी.

"सायीसारखं वाटतंय का?" रूपश्रीने आशेने विचारलं.

"साय कसली! कावीळ झाल्यासारखं वाटतंय. मावशी! काय केलंत हे?"

"काही नाही केलं," तुंगाबाई म्हणाल्या. "या वेळी काहीच केलं नाही."

"मग आजवर पांढरं कसं होतं?"

"नीळ घालत होते."

"कुठली नीळ?"

"माझ्याकडे एकच रांजण आहे, प्रणीतराव. नीलगर्त त्यातच बुडतं आणि चंद्रपूर त्यातच. तुमच्या फाईलीत निळं म्हणजे पाप लिहिलंय. म्हटलं, राणीच्या अंगाला शेवटच्या दिवशी तरी त्याचा शिंतोडा नको."

 मेकपवाला एकदम मोठ्याने हसला आणि गप्प झाला. नरसिंहराव घाम पुसत पुढे आले. "अक्का, माणसं खोळंबलीत. कंपनीचं नाव जाईल."

"मुलीचे हात धुवायचे ते काढून टाका. पाच मिनिटांत पांढरं करून देते."

"ते नाही निघणार," प्रणीत म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. उलट पहिल्यांदाच तो फाईल न उघडता बोलत होता. "सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. इतके आठवडे लोक त्याचीच वाट बघतायत."

"मग राहू दे पिवळं."

"अज्जी," रक्षिता म्हणाली. ती हंसापाशी उभी होती आणि राणीकडे बघत होती. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "अज्जी, कर ना तिला पांढरं. ती घाण दिसतेय."

तुंगाबाईंनी नातीकडे बघितलं. हा शब्द तिच्या तोंडून त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांच्या हातांसाठीही तिने तो कधी उच्चारला नव्हता. मनातच ठेवला होता.

"करते," त्या म्हणाल्या. "पण पाणी तू आणायचं."

रक्षिताने नळावरून बादली आणली, दोन्ही हातांनी, पाय भिजवत. तुंगाबाईंनी पदराची गाठ सोडून खडा काढला आणि पायरीच्या दगडावर दोन थेंब पाण्यात उगाळला. दगडावर गडद निळं गंध उठलं. ते पाण्यात सोडलं. पाण्याला रंग आलाय की नाही, असं वाटावं इतकंच. रूपश्रीने शेला काढून दिला. तुंगाबाईंनी तो पिवळट शेला बादलीत बुडवला, निळ्या हातांनी वरखाली केला, पिळला, आणि एक टोक नातीच्या हातात देऊन उन्हात ताणला.

रक्षिताच्या डोळ्यांदेखत शेला पांढरा झाला. डोळे दिपावेत इतका.

तिने टोक सोडलं नाही. "हे रांजणातलं?"

"रांजणातलंच. आपल्या."

"आधीपण घालायचीस?"

"दर वेळी."

रक्षिताने शेल्याला नाक लावलं. मग बादलीला. मग अज्जीच्या हाताकडे बघितलं.

साडीचंही तसंच झालं. उन्हात वाळवून, इस्त्री करून रूपश्री पुन्हा उभी राहिली आणि प्रणीतला त्याची पांढरी राणी मिळाली. तळ्याच्या काठी एका छोट्या मुलीला बसवलं होतं. मेकपवाल्याने तिच्या हातांना दौतीतली शाई फासली होती. राणीने तिचे हात पाण्यात घेतले, चोळले, हसली. शाई सुटली, पाणी गढूळ झालं, कमळं काळी पडली. मुलीचे हात वर आले तेव्हा ते गोरे दिसावेत म्हणून मध्ये कॅमेरा थांबवून त्यांना भुकटी लावली गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकी सगळे मुलीच्या हातांकडे बघत होते. रक्षिता बघत होती राणीच्या शेल्याच्या काठाकडे. तो तळ्यात लोंबत होता आणि शाई त्यात धाग्याधाग्याने वर चढत होती.

तुंगाबाईंनी रिकामी बादली उपडी केली आणि नातीचा हात न धरता बसथांब्याकडे निघाल्या. मागून छोट्या चपलांचा आवाज येत राहिला.

शेवटचा भाग एका रविवारी दहाला लागला. प्रणीतने काही बदललं नव्हतं. हात धुतले गेले, हंस उडाला, शेजारची मुलं ओरडली. तुंगाबाई घरात नव्हत्या, शेडमध्ये होत्या. रांजण ढवळत होत्या. तो ओरडा तिथपर्यंत आला. तिथे त्यांनी तोंडात आलेलं पाणी थुंकून टाकलं.

दुपारी त्या पातेलं घेऊन पाटावर बसल्या. श्रीविद्याने सवयीने रक्षिताचं ताट आणि चमचा मांडला. घास फिरायला लागले. दुसऱ्या फेरीला गोलात एक जागा झाली. रक्षिता येऊन बसली, जरा लांबच, आणि तिने तळहात पुढे केला. डोळे घट्ट मिटलेले. दुसऱ्या हाताने नाक दाबलेलं.

श्रीविद्या म्हणाली, "अत्ते, द्या पटकन."

तुंगाबाईंनी घास कालवला, गोल केला, आणि हातातच धरून ठेवला.

"डोळे उघड."

"नको. दे तसाच."

"डोळे झाकून घेतलेला घास मी देत नाही. बघ आणि घे. नाहीतर ताट आहे तिकडे, कुणी रागावणार नाही."

बाकीच्यांचे घास हातातच राहिले. रक्षिताने एक डोळा उघडला. मग दुसरा. नाकावरचा हात खाली घेतला. समोर निळी बोटं होती; नखांच्या कडेला काळी, तुपाने चमकणारी.  श्रीविद्याने मोरीच्या दाराकडे बघितलं. रक्षिता उठली नाही. ती बोटांकडे बघत राहिली, एकेका बोटाकडे, घडी उलगडून कापड तपासावं तशी.

तुंगाबाईंनी घास तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो तोंडात घातला, गालात धरला, शेवटी गिळला.

"तूप कमी पडलंय," ती म्हणाली, आणि हात पुन्हा पुढे केला.